क्रोन्स आहे, आता वरूनही दुर्बीण? (सल्ला हवा: नाशिक, बजेट ६,०००)

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. धाकट्या भावाला (वय २२) क्रोन्सचं (आतड्याला सूज आणणारा, वर्षानुवर्षं राहणारा आजार) निदान झालंय. कोलोनोस्कोपीत (खालून घातलेल्या दुर्बिणीत) लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला अल्सर दिसले. औषधांनी जुलाब थांबले, पण चार घास खाल्ले की पोट गच्च होतं, मधूनच उलटी. डॉक्टर म्हणतात, तोंडावाटे एन्डोस्कोपी करू. आजार खाली, मग दुर्बीण वरून कशाला? आणि घसा बधिर करणाऱ्या नुसत्या स्प्रेवर करावी की गुंगी घेऊन? नाशिकमध्येच करायचीय. बायोप्सी धरून सहा हजार.

खडीसाखर:
सरळ पुण्याला या. माझी मोठ्या हॉस्पिटलात झाली. स्वतंत्र खोली, भूलतज्ज्ञ वेगळा, नंतर सँडविच. बिल अठरा हजार, पण कळलंसुद्धा नाही. तब्येतीपुढे पैसा काय बघायचा!

पोटोबा:
@खडीसाखर, सहा हजार लिहिलंय हो त्यांनी.
गोदाकाठ, मी जुना क्रोन्सवाला. हा आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो. मोठ्या आतड्यापुरता राहतो तो अल्सरेटिव्ह कोलायटिस. लहान मुलांत तर निदानाच्या वेळीच वरून आणि खालून दोन्ही दुर्बिणी करतात, मुलांतल्या अशा आजारांच्या निदानाचे जे पोर्तो निकष आहेत त्यांत तसंच आहे. मोठ्यांत सहसा वरच्या तक्रारी असल्या की करतात, आणि भावाला त्या आहेत. करून घ्या. नजरेला सगळं ठीक दिसलं तरी बायोप्सीसाठी तुकडे घ्यायला सांगा. माझं जठर वरून चकाचक होतं, सूज सापडली ती तुकड्यांत.

सुनंदाकाकू:
आमच्या ह्यांचं सगळं ताकावर बरं झालं. दुर्बीण नाही की काही नाही.

पोटोबा:
काकू, ह्यांना क्रोन्स होता का?

सुनंदाकाकू:
पोट बिघडलं होतं.

घाटवळण:
स्प्रेच्या नादी लागू नका!! कडू जहर. घसा बधिर होतो, पण उबळ यायची ती येतेच. डाव्या कुशीवर, दातांत प्लास्टिकचं कडं, गालाखालचा टॉवेल लाळेनं चिंब. काम पाच-दहा मिनिटांचं, पण ती मिनिटं माझी मला माहीत. गुंगीच घ्या.

खडीसाखर:
तेच तर म्हणतेय. गुंगी, आणि पुणे.

रविवारची_मिसळ:
आधी मेडिक्लेम बघा. नुसत्या तपासणीसाठी अ‍ॅडमिट झालात तर बऱ्याच पॉलिसी पैसे देत नाहीत. मी त्यावरून भांडभांड भांडलो, दमडी मिळाली नाही. आणि टीबी नाही याची खात्री केली का? आपल्याकडे आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दिसायला सारखेच.

गोदाकाठ:
हो, टीबीच्या तपासण्या झाल्या, नाही निघाला. मेडिक्लेम काढलेलाच नाही.

रविवारची_मिसळ:
मग आता काढा.

पोटोबा:
आता कोण देतंय! निदान झाल्यावर?

लॅबवाली:
दोन गोष्टी कुणीच बोललं नाही. आम्लपित्ताची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. एच. पायलोरी (जठरातला जंतू) बघायचा असेल तर ती साधारण दोन आठवडे बंद ठेवायला लावतात, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. स्वतःच्या मनानं मात्र बंद करू नका. दुसरं, ही दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंतच पोचते. मधलं आतडं दिसत नाही, त्याला एमआर एन्टेरोग्राफी, म्हणजे आतड्याचा एमआरआय. उलट्या होताहेत म्हणजे कुठे आतडं अरुंद झालंय का ते बघायलाच हवं. तोवर कुणी कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला सांगितली तर हा प्रश्न नक्की विचारा, अरुंद जागी ती अडकते.

घाटवळण:
गुंगी घेतली तर सोबत माणूस न्या, त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

सुनंदाकाकू:
ताकात जिरं घालायचं हो, हिंग नाही.

गोदाकाठ:
सर्वांचे आभार. गोळीचं विचारलं, खरंच बंद करायला सांगितली. एन्टेरोग्राफी पुढच्या महिन्यात, पैसे जमले की. दुर्बीण इथेच, आमच्याच डॉक्टरांकडे, आणि नुसत्या स्प्रेवर. भावाला स्क्रीनवर स्वतःचं जठर बघायचंय म्हणे, ऐकतच नाही.

घाटवळण:
त्या कुशीवरून स्क्रीन दिसते का ते आधी विचारून ठेवा. मला भिंत दिसत होती.