विषय: दुचाकीसाठी भरवशाचा मेकॅनिक हवा (पर्वरी–म्हापसा)

पर्वरीहून, नवीन सभासद:

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये कोल्हापूरहून गोव्यात पर्वरीला राहायला आले. सोबत माझी 2016 ची पल्सर 150 आणली. रोज वेर्ण्याला कामाला जाते, त्यामुळे गाडी बंद पडून चालत नाही. पावसाळ्याआधी सर्व्हिसिंग उरकावं म्हणून जवळच्या एका सर्व्हिस सेंटरला दिली. सकाळी सोडली, संध्याकाळी बिल हातात. इंजिन फ्लश, चेन क्लीनिंग, कार्बोरेटर क्लीनिंग आणि दोन ठिकाणी नुसतंच ‘इतर’. घरी येऊन बघते तर चेनवर आधीचाच गंज, आणि मागचा ब्रेक पहिल्यापेक्षा जास्त करकरतोय. काढलेले पार्ट मागितले तर म्हणाले फेकून दिले. प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरं सोबत आलेल्या भावाला मिळत होती, त्याचा संताप वेगळाच.

कोल्हापुरात गल्लीतला मेकॅनिक लहानपणापासून ओळखीचा होता. इथे कुणीच ओळखीचं नाही. पर्वरी, म्हापसा, पणजी, कुठेही चालेल. कुणाच्या माहितीत असा माणूस आहे का, जो काय केलं ते दाखवून सांगेल?

म्हापशाहून:

ताई,

तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, आणि त्या सेंटरला परत जाऊ नका. माझ्या माणसाचं नाव-नंबर इथे टाकत नाही, त्याला न विचारता तसं करणं बरं नव्हे. संध्याकाळी फोन करा, सांगतो. पण त्याच्याकडेही डोळे झाकून जाऊ नका. माणूस पारखायचा कसा, ते लिहितो. उद्या घर बदलून फोंड्याला गेलात तर माझा म्हापशाचा माणूस तुमच्या काय कामाचा?

पहिली गोष्ट, पायलटांना विचारा. पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलींवर भाड्याने प्रवासी नेतात, स्टँडवर उभे असतात ते. त्यांचं पोट त्या गाडीवर आहे. गाडी एक दिवस गॅरेजात अडकली की त्या दिवसाची कमाई गेली. म्हणून ते ज्याच्याकडे जातात तो काम लवकर करतो, पक्कं करतो आणि नको तो पार्ट गळ्यात मारत नाही. म्हापसा बसस्टँडवर किंवा पणजीच्या कदंब स्टँडवर दोन-तीन पायलटांना वेगवेगळं गाठून विचारा. एकच नाव दोनदा आलं तर तिथे जा. भाड्याच्या गाड्या, म्हणजे काळ्या पाटीवर पिवळे आकडेवाल्या, ज्या गॅरेजात रांगेने लागलेल्या असतात तिथे मात्र मी जपून जातो. तिथे पुढच्या पर्यटकापर्यंत गाडी रस्त्यावर यायला हवी असते, त्यामुळे तात्पुरती डागडुजी फार चालते.

दुसरं, नव्या माणसाला पूर्ण सर्व्हिसिंग देऊ नका. आधी एकच छोटं काम द्या. तुमचा करकरणारा मागचा ब्रेक त्यासाठी उत्तम आहे. तो ड्रम ब्रेक आहे. चाक काढून ड्रम उघडायचा, साचलेली काळी पूड साफ करायची, शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे तुकडे) किती उरलेत ते बघायचं, त्यावर पॉलिश चढली असेल तर पॉलिशपेपरने घासायचं, आणि ज्या कॅमने शू उघडतात त्याला जुजबी ग्रीस लावायचं. ग्रीस जास्त झालं तर शूवर उतरतं आणि ब्रेकच लागत नाही. हे सगळं तुमच्यासमोर अर्ध्या-पाऊण तासात होतं. शू शिल्लक असताना जो म्हणेल की “हें आजून चलता, बदलूं नाका”, त्याच्याकडे पुढच्या वेळी इंजिन द्या. न बघता शू बदलायला निघाला तर ब्रेकचे पैसे देऊन घरी या.

काम चालू असताना जवळ उभ्या राहा. कुणी ‘इथे उभं राहू नका’ म्हणालं तर गाडी काढून घ्या. आणि त्याचे हात बघा. ऑइलचा ड्रेन बोल्ट परत लावताना चांगला माणूस आधी बोटांनी दोन-तीन आटे फिरवतो, बोल्ट सरळ बसतोय अशी खात्री करतो आणि मगच पाना लावतो. वॉशर चेपलेला असेल तर नवा टाकतो. घाईवाला थेट लांब पान्याने आवळतो. खालचं इंजिन केस अ‍ॅल्युमिनियमचं असतं, त्याचे आटे एकदा गेले की थेंब-थेंब ऑइल गळायला लागतं आणि दुरुस्तीचा खर्च ऑइलच्या कितीतरी पट होतो. माणसाचा स्वभाव मला त्या एका बोल्टवर कळतो.

ऑइलचा डबा सीलबंद, तुमच्यासमोर फोडलेला हवा. पल्सरला 20डब्ल्यू-50 ग्रेडचं लागतं आणि डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ लिहिलेलं असतं, म्हणजे मोटारसायकलच्या क्लचला चालणारं. मोटारसायकलचा क्लच ऑइलातच बुडालेला असतो. कारचं ऑइल घातलं तर त्यातल्या घसरट रसायनांमुळे क्लच प्लेटी सरकू शकतात. अजून एक, तुमच्या इंजिनाला दोन स्पार्क प्लग आहेत. प्लग बदलले असं बिलात असेल आणि नग एकच असेल तर दुसऱ्याचं काय झालं ते जरूर विचारा.

आता गोव्याचं वेगळं. कोल्हापूरची गाडी इथे आली की तिचे आजार बदलतात. खारी हवा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस, दोन्ही मिळून लोखंड खातात. चेन महिन्यातून एकदा तरी घरीच साफ करा. पावसात त्याहून लवकर. रॉकेल मिळालं तर बरं, नाहीतर चेन क्लीनर. पेट्रोल वापरू नका. पुसून कोरडी झाली की 90 नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन ल्यूब लावा. फेरीबोटीतून चोडण-दिवाडी बेटांवर गेलात आणि खालून खारं पाणी उडालं, तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा. प्रेशर मारणाऱ्याला मात्र चाकाच्या मध्यावर आणि हँडलच्या कोनसेटवर (हँडलखालच्या बेअरिंगवर) नळी रोखू देऊ नका. ग्रीस बाहेर जातं, पाणी आत राहतं.

इथल्या मेकॅनिकची खरी परीक्षा पुढच्या शॉकॲबसॉर्बरवर होते. त्याच्या चकचकीत नळीवर खाऱ्या हवेने बारीक खड्डे पडतात. नख वरून खाली फिरवलं की अडकतं. तो खड्डा ऑइल सील फाडतो आणि ऑइल ओघळतं. जाणता माणूस आधी नख फिरवून बघतो. नुसतं सील बदलून देणाऱ्याकडे थोड्याच दिवसांत पुन्हा तेच गळणं घेऊन जावं लागतं आणि तो पुन्हा सीलचे पैसे घेतो. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ही नळी पुसून त्यावर ऑइलचा हात फिरवत जा.

पुढच्या डिस्कचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. डॉट 3 की डॉट 4 प्रकारचं, ते ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं.

आणि उत्तरं भावाला देणाऱ्या दुकानाला एक पैसाही देऊ नका. गाडी तुमची आहे.

फोंड्याहून:

काकांनी बहुतेक सगळं लिहिलंच आहे. आपल्या सभासदांपैकी ज्यांच्या गाड्या नव्या आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या) गाड्यांपैकी बहुतेकांना कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असतं. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर स्कॅनर लावून कोड वाचावा लागतो. गल्लीतला मेकॅनिक कितीही हुशार असला तरी स्कॅनर नसेल तर तो अंदाजाने सेन्सर बदलत बसतो आणि पैसे तुमचे जातात. आधी विचारा, स्कॅनर आहे का. ब्रेक, चेन, केबल, टायर यांसाठी मात्र तोच मेकॅनिक उत्तम.

वेळही सांभाळा. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आठवड्यात गॅरेज उघडं मिळेल या भरवशावर राहू नका. आणि नोव्हेंबरात वागातोरला रॉयल एन्फिल्डचा मेळा भरतो, तेव्हा त्या बाजूच्या बुलेट मेकॅनिकांना मान वर करायला फुरसत नसते.

पर्वरीहून:

काका, ताई, मनापासून आभार. पणजीच्या स्टँडवर दोन पायलटांना विचारलं. दोघांनी एकच नाव सांगितलं आणि गंमत म्हणजे काकांनी फोनवर सांगितलेला माणूस तोच निघाला! ब्रेक उघडून दाखवला त्याने. शू निम्मे शिल्लक आहेत, फक्त साफ करून दिले. आवाज गेला. सगळं बोलणं माझ्याशीच केलं.

एक शंका. त्या सेंटरने ‘कार्बोरेटर क्लीनिंग’ लावलं होतं, तर आता परत करायला हवं का? येण्याआधी गाडी दोन महिने उभी होती.

म्हापशाहून:

सकाळी थंड इंजिन चोक लावून पहिल्या-दुसऱ्या झटक्यात चालू होतं का? गरम झाल्यावर सिग्नलला न बंद पडता एकसारखं चालतं का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर कार्बोरेटरला हात लावू नका, उगाच उघडलं की जेट आणि स्क्रू बिघडतात. उभ्या गाडीत पेट्रोल आटून चिकट थर बसतो, आणि आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, ते ओलावाही धरतं. म्हणून शंका असेल तर आधी कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून जुनं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून घ्या. स्वच्छ आलं तर विषय संपला. तळाला पाणी किंवा तांबूस कचरा दिसला तर साफ करून घ्या, आणि पेट्रोलच्या टाकीच्या आत टॉर्च मारून गंज आहे का तेही बघायला सांगा, नाहीतर आठवड्यात पुन्हा तेच. हे काम गरम इंजिनावर करू नका.

जुने रबरी पेट्रोल पाइप मात्र बदलाच. कडक झाले असतील, दाबून बघा. शनिवारी मी म्हापशाच्या बाजारात आहे, पाइप आणि क्लच केबल एकदमच घेऊ. दुकान एकला बंद होतं ते चारपर्यंत उघडत नाही, तेव्हा बाराच्या आत या. केबल घ्यायला जुनी सोबत आणा, लांबी जुळवून घेता येईल.