मदत हवी आहे: जोसा आणि राज्याचा कॅप, कॉम्प्युटरसाठी पसंतीक्रम कसा लावावा?

मुलाला बी.टेक. कॉम्प्युटर करायचं आहे, जोसातून (एनआयटी, ट्रिपल आयटी वगैरेंचे देशपातळीवरचे प्रवेश) किंवा कॅपमधून (राज्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांचे प्रवेश). जेईई मेनचा ऑल इंडिया रँक 38 हजारांच्या आसपास, एमएचटी-सीईटीला 98 च्या वर पर्सेंटाइल. मूळ गाव सातारा, बारावी लातूरला. राज्यात एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग), मेनच्या अर्जात ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) भरलं होतं. दोन्हीकडे एकच यादी चालेल का? पुण्याच्या कॉलेजांचे कटऑफ नेमके कुठल्या रकान्यात बघायचे?

प्रतिसाद १
एकच यादी लावू नका, नियम वेगळे आहेत.

जोसात मनातला खरा क्रम लावा. रँकला झेपणार नाही म्हणून आवडती संस्था खाली ढकलू नका. वरचं मिळालं नाही तर खालच्या पर्यायावरचा हक्क कमी होत नाही. सीट मिळाली की फ्लोट घ्या: वरचे सगळे पर्याय पुढच्या फेऱ्यांत जिवंत राहतात. स्लाइड म्हणजे त्याच संस्थेतली वरची शाखा एवढंच. मात्र वरची सीट मिळाली की आधीची आपोआप जाते, म्हणून सध्याच्या सीटपेक्षा नकोसं वाटणारं काहीही तिच्या वर असू नये.

कॅपमध्ये ऑटो फ्रीझ आहे. 2025 च्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कुठलाही मिळाला तर तिथेच थांबावं लागतं. ‘भरून ठेवू’ म्हणून तिसऱ्या नंबरवर टाकलेलं कॉलेज गळ्यात पडतं ते असं. यंदाच्या माहितीपुस्तिकेत हे आकडे तपासा आणि फेरीगणिक पर्यायांचा अर्ज नव्याने विचार करून भरा.

प्रतिसाद २
कटऑफबद्दल. होम युनिव्हर्सिटी (प्रवेशासाठी तुमचं मानलं जाणारं विद्यापीठ) मूळ गावावरून ठरत नाही, बारावी जिथून केली त्यावरून ठरते. लातूर म्हणजे नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. त्यामुळे पुण्यात ‘जीओपनएच’चा (ओपन, होम युनिव्हर्सिटीतल्यांसाठी) आकडा तुमचा नाही, ‘जीओपनओ’ (ओपन, इतर विद्यापीठांतल्यांसाठी) बघा. एसईबीसीच्या रकान्यांतही शेवटचं अक्षर हेच सांगतं. शेवटी ‘एस’ असेल तर राज्यस्तरीय जागा, तिथे हा फरक नाही.

पर्सेंटाइलपेक्षा मेरिट नंबर जुळवा. शेजारी सीट मॅट्रिक्स (कॉलेजवार जागांचा तक्ता) उघडा: एखाद्या कॉलेजने कॉम्प्युटरच्या जागा वाढवल्या असतील तर गेल्या वर्षीचा कटऑफ दिशाभूल करतो.

जोसाच्या तक्त्यात ओपनसमोर ऑल इंडिया रँक असतो, ईडब्ल्यूएससमोर ईडब्ल्यूएसचा रँक. 38 हजार हा आकडा ईडब्ल्यूएसच्या रकान्याशी ताडू नका. नागपूरच्या व्हीएनआयटीत (तिथली एनआयटी) निम्म्या जागा राज्यातल्या मुलांना असतात, पण पुणे आणि नागपूरच्या ट्रिपल आयटींत तसा कोटा नाही.

धागाकर्ता
धन्यवाद. कागदपत्रांचं काय? आणि एआय-डेटा सायन्स घ्यावं का?

प्रतिसाद ३
कागदपत्रांवरच सर्वाधिक घोळ होतो. एसईबीसी केंद्राच्या यादीत नाही, म्हणून जोसासाठी ईडब्ल्यूएसचा दाखला लागेल: केंद्राच्या नमुन्यात आणि चालू आर्थिक वर्षाचा. गेल्या वर्षीचा चालत नाही. उत्पन्न 8 लाखांच्या आत असलं तरी 5 एकर किंवा जास्त शेतजमीन असेल तर हा दाखला मिळत नाही, हे आधीच बघा. कॅपसाठी एसईबीसी दाखला, नॉन क्रीमी लेयर आणि जात पडताळणी. पडताळणी बाकी असेल तर पावती लावता येते का आणि मूळ प्रमाणपत्राची शेवटची तारीख काय, हे पुस्तिकेत बघा. ती चुकली की अर्ज ओपनमध्ये जातो. जोसात पडताळणी अधिकाऱ्याने शंका काढली तर ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन उत्तर द्यावंच लागतं, नाहीतर सीट रद्द होते. रोज लॉगिन करा.

उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसचा पर्यायही वेगळ्या चॉइस कोडने भरा. त्यात शिकवणी शुल्क माफ, पण जागा जेमतेम 5 टक्के, म्हणून कटऑफ चढा.

प्रतिसाद ४
शाखेचं नाव सोडा, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उघडा. डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डीबीएमएस आणि थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन हे विषय पूर्ण क्रेडिटचे, गरज तिथे लॅबसह असतील तर एआय-डीएस बिनधास्त घ्या. दोन-तीन विषय एकाच पेपरात कोंबले असतील तर त्याच कॉलेजचं आयटी मी वर लावेन.

जोसाच्या फेऱ्या संपल्यावर एनआयटी आणि ट्रिपल आयटीच्या उरलेल्या जागांसाठी सीसॅबच्या विशेष फेऱ्या होतात, त्यांची नोंदणी वेगळी. तोवर कॅपची सीट हातात ठेवा आणि प्रवेश रद्द करण्याची शेवटची तारीख लिहून ठेवा. त्या तारखेनंतर फी परत मिळवणं अवघड जातं आणि मूळ शाळा सोडल्याचा दाखलाही कॉलेजात अडकतो.