शब्दचर्चा : पूर्ण पृथ्वीचं 'छायाचित्र' म्हणावं का?

फोंड्याहून : शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी नासाच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या 'ब्लू मार्बल नेक्स्ट जनरेशन' या पृथ्वीच्या चित्रमालेतलं जुलै २००४चं चित्र मोठं छापून घेतलंय. खाली मराठीत काय लिहायचं? मुलं 'उपग्रहाने काढलेले पृथ्वीचे छायाचित्र' म्हणतात. मला ते पटत नाही, पण दुसरा शब्दही सुचत नाही.

पणजीहून : ताई, तुमची शंका रास्त आहे. छायाचित्र एका क्षणी, एका जागेवरून घेतलेलं असतं. ७ डिसेंबर १९७२ रोजी अपोलो १७ च्या अंतराळवीरांनी सुमारे २९,००० किलोमीटरवरून पृथ्वीचं दृश्य टिपलं, ते छायाचित्रच. पण तुमच्याकडचं दृश्य कुणीही, कुठूनही पाहिलेलं नाही. ते नासाच्या टेरा उपग्रहाच्या मोजमापांतून बनलंय. तो तेव्हा ७०५ किलोमीटर उंचीवरून फिरत होता. त्यावरचं मोडिस हे उपकरण एका वेळी २,३३० किलोमीटर रुंदीचा पट्टा मोजायचं, आणि सगळी पृथ्वी मोजून व्हायला एक-दोन दिवस जायचे. त्यात हा उपग्रह उजेडाच्या बाजूला विषुववृत्त ओलांडायचा तो तिथल्या सकाळी साडेदहाच्या सुमारास. म्हणून चित्रात गोव्यातही सकाळ आणि ब्राझीलमध्येही सकाळ. असा क्षण पृथ्वीवर कधी येतच नाही!

मडगावहून : मग सरळ 'मोझेक' लिहा. आमच्याकडच्या जुन्या घरांतल्या तुकड्यातुकड्यांच्या फरश्यांमुळे हा शब्द मुलांच्या पायाखालचा आहे. मराठीच हवा तर 'जोडचित्र'. सुटसुटीत आहे.

पणजीहून : 'जोडचित्र' मलाही आवडतो, पण तो अर्धंच काम सांगतो. फरशीत एका जागी एकच तुकडा बसतो. इथे एकेका ठिपक्यासाठी अनेक दिवसांची मोजमापं हाताशी असतात आणि त्यांतून ढग नसलेलं, धुरकं नसलेलं निवडावं लागतं. खरी मेहनत तीच. तुमच्या चित्रात गोवा निरभ्र आहे ना? ऐन जुलैत! आपल्याकडे त्या महिन्यात किती वेळ ऊन पडतं ते सांगायला नको. जिथे ढग हटतच नाहीत, तिथे आधीच्या-नंतरच्या मोजमापांवरून भर घालतात. ही निवड आणि ही भर शब्दात यायला हवी.

पेडण्याहून : निवडून एकत्र आणणं म्हणजे संकलन. चित्रपटाचा संकलकही अनेक वेळा घेतलेल्या दृश्यांतून एक उचलतो. 'संमिश्र' मात्र टाळा, त्यात सगळं एकमेकांत कालवल्याचा भास होतो. 'प्रतिमा' शास्त्रीय लेखनात चालतो, पण मुलांना आधी मूर्ती आठवेल. 'उपग्रहचित्र' वर्तमानपत्रांनी घरोघरी पोचवलेला शब्द आहे, तोच घ्या : 'संकलित उपग्रहचित्र'.

फोंड्याहून : हे मुलांना सांगता येईल. मग पावसाच्या बातम्यांत दाखवतात, त्या इन्सॅटच्या चित्रालाही संकलित म्हणायचं?

पणजीहून : नको. इन्सॅटचा हवामान उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आपल्या दृष्टीने एका जागी असतो आणि पृथ्वीची समोर दिसणारी बाजू पट्ट्यापट्ट्यांनी टिपतो. एक पूर्ण गोल टिपायला जवळजवळ अर्धा तास लागतो, म्हणजे काटेकोरपणे तोही एका क्षणाचा नाही. पण तिथे निवड नसते, आणि ढग तर पाहायचेच असतात. त्याला नुसतं 'उपग्रहचित्र' पुरे.

मडगावहून : माझं 'जोडचित्र' मागे घेतो. पण ठिपक्याचा आकार खाली लिहा, नाहीतर मुलं त्यात मांडवीवरचा पूल शोधत बसतील. जुवारीचं मुख तेवढं ओळखू येतं.

फोंड्याहून : लिहिते. 'पृथ्वीचे संकलित उपग्रहचित्र, जुलै २००४. टेरा उपग्रहाच्या अनेक दिवसांच्या निरीक्षणांतून, ढग वगळून तयार केलेले. एका ठिपक्याची बाजू सुमारे ५०० मीटर.'

पेडण्याहून : 'तयार केलेले' राहू द्या, 'काढलेले' कुठेही नको. उत्तम झालंय.