फोक्सवॅगन बीटलच्या इंजिन केसमधून तेल: आधी स्टडकडे बघा

दादा, तुम्ही म्हणताय की केस, म्हणजे इंजिनचं दोन अर्ध्यांचं कवच, नवीन जोडून पण मधल्या मोठ्या नटांखालून तेल झिरपतंय आणि आता सगळीकडे सिलिकॉन भरू का, तर प्लीज सिलिकॉन नका भरू. आतल्या बाजूला जो जास्तीचा दाबला जातो ना, तो सुटून तेलाच्या जाळीत जाऊन बसतो, मग इंजिनच जातं. बीटलच्या केसच्या दोन अर्ध्यांमध्ये गॅस्केट नसतोच, कारण क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, ज्यात फिरतो त्या मेन बेअरिंगचं माप त्याच जोडावर ठरतं, म्हणून सीलंट अगदी पातळ, बोटाने पसरवून नुसता ओलसर दिसेल इतकाच.

तेल येतं ते स्टडच्या, म्हणजे दोन्ही अर्धे जोडणाऱ्या आटेवाल्या दांड्यांच्या, आट्यांवरून. मी सातपूरला माझं इंजिन बांधलं तेव्हा हेच झालं होतं, सहाही एम१२ (१२ मिमीचे) नट परत काढले, स्टड आणि वॉशर बसतो ती जागा पेट्रोलने पुसली, फडक्यावर काळं यायचं थांबेपर्यंत, मग वॉशरखाली आणि आट्यांना सीलंट लावून टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने, ३४ न्यूटन मीटर, म्हणजे साधारण साडेतीन किलोग्रॅम-मीटर. कडेचे एम८ नट २० न्यूटन मीटरच्या आसपास, त्याहून जास्त नाहीच, केस मॅग्नेशियमची आहे, आटे लगेच सुटतात. आणि प्रत्येक वेळी आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून बघा, जड लागला की तिथेच थांबा आणि उघडा. टॉर्क पाना नसेल तर माझा घेऊन जा, पण अंदाजाने आवळू नका.