मदत हवी आहे: खुब्याच्या ग्रोथ प्लेटचं मॉडेल, शिअर स्ट्रेस काही केल्या स्थिरावत नाही

मंडळी, एम.टेक.चा प्रोजेक्ट अडलाय. फायनाइट एलिमेंट मॉडेल आहे, म्हणजे हाडाचे छोटे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडून संगणकावर ताण काढायचा. विषय एससीएफई, म्हणजे वयात येणाऱ्या मुलांमध्ये मांडीच्या हाडाचं डोकं वाढीच्या पट्टीवरून (ग्रोथ प्लेट, हाड जिथे वाढतं तो कूर्चेचा थर) घसरतं तो आजार. (खरं तर डोकं खोबणीतच राहतं, सरकते ती मान, पुढे आणि वर. हे कळेपर्यंत मी विस्थापनाची अधिक-उणे चिन्हं उलटी वाचत बसलो होतो.)

मला एवढंच दाखवायचंय: पट्टी जितकी मागे झुकलेली आणि वजन जितकं जास्त, तितका शिअर (पट्टीवर आडवा, घसरवणारा ताण) जास्त. झुकाव ०, १०, २० अंश. वजन ५० आणि ८० किलो. चालताना सांध्यावर वजनाच्या अडीचपट भार धरला, म्हणजे ८० किलोला साधारण १९६० न्यूटन. ताठरता: बाहेरचं टणक हाड १७ गिगापास्कल, कूर्चेची पट्टी ५ मेगापास्कल. पट्टीचा पॉयसन रेशो ०.४९ (०.५ म्हणजे दाबलं तरी आकारमान बदलतच नाही). एलिमेंट चार नोडचे (जोडबिंदूंचे) टेट्रा, म्हणजे चार पृष्ठांचे तुकडे, पट्टीच्या जाडीत दोन थर, दोन्ही बाजू हाडाला टाय (घट्ट जोडलेल्या).

घोळ असा की कमाल शिअर दरवेळी पट्टीच्या कडेलाच येतो आणि मेश (तुकड्यांची जाळी) बारीक केली की वाढतच जातो. १० आणि २० अंशांतला फरक त्यात बुडून जातो. सर म्हणतात, मेश आणखी बारीक कर. तेच तर करतोय!

पट्टीच्या कडेला आधार देणारं तंतूंचं कडं, पेरिकॉन्ड्रियल रिंग, धरलेलं नाही. घालावी का? कशी?

प्रतिसाद

दुखणी दोन आहेत. ०.४९ आणि चार नोडचे टेट्रा एकत्र आले की व्हॉल्युमेट्रिक लॉकिंग होतं, पट्टी आहे त्याहून ताठ वागते. दहा नोडचे हायब्रिड एलिमेंट (दाब वेगळा मोजणारे) घ्या, जाडीत किमान चार थर. कडेचं म्हणाल तर मऊ कूर्चा आणि टणक हाड टोकदार कडेवर भेटतात तिथे गणितातच स्ट्रेस अनंताकडे जातो. मेश बारीक करून तो थांबायचा नाही. कमाल आकडा सोडा, मधल्या भागातला सरासरी शिअर तिन्ही कोनांना ताडून बघा.

रिंग मात्र घालाच. वयात येताना ती पातळ होते, घसरण्यामागचं ते एक कारण मानतात. कडेभोवती फक्त ओढ घेणाऱ्या स्प्रिंग लावून ताठरता बदलत जा. आणि पट्टी सपाट काढली असेल तर एपिफिसियल ट्युबरकल गेलाच. डोक्याच्या खालचा तो उंचवटा पट्टीला खुंटीसारखा अडवून धरतो.

मूळ लेखक

सपाटच काढलीये! दहा नोडवाले चालवले, मधल्या भागात १० आणि २० अंशांतला फरक आता दिसतोय. ट्युबरकलचा आकार सीटीवरून काढता येईल की एमआरआयच लागेल?