ट्यूबासाठी अपरिचित कारागिराचा माउथपीस घ्यावा का?

प्रश्न (सांगली): आमच्या बँडपथकात मी तीन वर्षे बाख कंपनीचा 18 क्रमांकाचा माउथपीस (फुंकण्याचे तोंड) लावून ट्यूबा, म्हणजे खर्जातले मोठे पितळी फुंकवाद्य, वाजवतो. खालचे स्वर फिके उमटतात, म्हणून एका छोट्या, फारशा परिचित नसलेल्या कारागिराचा 33 मिलिमीटर व्यासाच्या कपाचा (ओठांसमोरच्या वाटीसारख्या भागाचा) माउथपीस मागवावा असे वाटते. मात्र तो आधी वाजवून पाहण्याची सोय इथे नाही. काय तपासावे?

उत्तर (मिरज): व्यासाआधी शँक, म्हणजे माउथपीसचा वाद्यात बसणारा दांडा, पाहा. युरोपीय शँक अमेरिकीपेक्षा जाड असल्यामुळे अमेरिकी मापाच्या ट्यूबात तो पुरेसा आत बसत नाही, आणि उलट केल्यास माउथपीस जास्त खोल शिरून सूर बिघडतो. आमच्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी कानाने लावतात. शँक मात्र कॅलिपरनेच मोजावा.

उत्तर (सातारा): बाख 18 चा कप सुमारे 32.5 मिलिमीटरचा आहे, तेव्हा अर्ध्या मिलिमीटरने फारसे काही साधेल असे मला वाटत नाही. त्यापेक्षा हेलेबर्ग पद्धतीचा, नरसाळ्यासारखा खोल कप मिळेल का, ते विचारा. रिम, म्हणजे कपाची कड, गोलसर घ्या. मिरवणुकीत चालताना ती ओठांवर आपटते, हे मी सुजलेल्या ओठांनी शिकलो.

प्रश्नकर्ता: शँक मोजला, अमेरिकी निघाला. खोल कपाविषयी कारागिराला लिहिले असून, न जुळल्यास परत घेण्याची अटही घातली आहे.