जुने रंग चालतात, कागदाचं बघा
‘नोकरी सांभाळून परत चित्रं काढायची तर जुने रंग फेका, सगळं नवं घ्या’ असा सल्ला देतात, तो मला पटलेला नाही. जलरंगाच्या ट्यूबमध्ये रंगाचा दगड झाला तरी चालतो. त्यातला डिंक पाण्यात परत विरघळतो. ट्यूब कात्रीने उभी फाडायची, खडे पॅनमध्ये म्हणजे रंगाच्या छोट्या डबीत (मी बाटलीच्या झाकणात) ठेवून पाणी शिंपडायचं. अ‍ॅक्रिलिक मात्र वाळलं की गेलंच.

खरी खोट कागदात निघते. कपाटात बरेच पावसाळे काढलेल्या कागदाचं सायझिंग (पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून दिलेली खळ) दमटपणाने मरतं. मग वॉश (पातळ रंगाचा पसरट हात) दिला की रंग जागोजाग शोषला जातो, आणि ऑफिसातून दमून आलेल्याला वाटतं आपला हातच गेला. हात ठीक असतो हो! तो गठ्ठा पेन्सिल-चारकोलला ठेवा, 300 जीएसएमचे (जाड जलरंग-कागदाचे) दोनच ताव आणा. पोस्टकार्डाएवढे तुकडे केले तर महिनाभर पुरतात.